तुकूम, चेक, रिठ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यातल्या गावांची यादी वाचायला घेतली की एक शब्द सारखा आडवा येतो. जामतुकूम, घनोटी तुकूम, सातारा तुकूम. चंद्रपूर शहरात तर तुकूम नावाचा अख्खा भाग आहे, पण तिथे भाड्याने घर शोधणाऱ्याला या शब्दाशी काही देणेघेणे नसते. गोंड राजांच्या काळी जंगल तोडून, तलाव बांधून जो जमीन वहितीखाली आणी, त्याला ती सवलतीने मिळे. ती तुकूम. म्हणजे इथे आधी जंगल होते, ही नोंद गावाने आपल्या नावातच जपून ठेवली आहे.

इंग्लंडात इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी अशाच खुणा, म्हणजे बांध, वाटा आणि कुंपणे, वाचून १९५५ साली आपल्या देशाच्या भूमीचा इतिहास लिहिला. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत त्यासाठी तलाठ्याच्या दप्तरापासून सुरुवात करावी. तिथे तुकूमच्या शेजारी 'चेक' भेटतो, म्हणजे मूळ गावापासून वेगळा मोजलेला तुकडा. मग भेटतो 'रिठ'. रिठ म्हणजे उठून गेलेले गाव. कागदावर हद्द शाबूत, चूल मात्र कधीच विझलेली. अशा जागी जंगल परत चढते. दाट झाडीत अचानक जुन्या चिंचा, आंबे आणि फुटकी पाळ दिसली, तर आपण कुणाच्या तरी अंगणात उभे आहोत असे समजावे. 'आदिम अरण्य' हा पर्यटनाच्या जाहिरातीतला शब्द मला त्यामुळेच खटकतो. इथले जंगल गेलेही आहे आणि आलेही आहे.

भूमी सर्वांत जास्त बदलली ती पाण्याने. उतार हेरून मातीची पाळ टाकायची, पाटाने पाणी बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांत, उतरवायचे, वरच्या बांधीतले खालच्या बांधीत. या कामात इथला कोहळी समाज वाकबगार. उशिरा पिकणारा भारी धान पावसाळा सरल्यावरही पाणी मागतो, म्हणून तलाव. शेतात मावणारा लहान तलाव म्हणजे बोडी. पोंभुर्णा तालुक्यातल्याच हत्तीबोडीचे नाव त्यावरूनच आले असावे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, पुढच्या बंदोबस्तात मालगुजार जमिनीचे मालक ठरले आणि तलावांना 'मालगुजारी' हे नाव चिकटले. आज या माजी मालगुजारी तलावांना आपण लाडाने मामा तलाव म्हणतो. मालगुजार काही संत नव्हते, वेठबिगारीने उपसलेला गाळही त्या पाळींत आहे. पण गाळ निघत होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. गावाचा हात सुटला, पाण्यावर कर आला, आणि कितीतरी तलावांच्या पोटात बेशरमाची झुडपे माजली. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी जाळे कुठे टाकायचे?

जंगलाची कहाणीही कागदानेच वळली. १८७८ च्या कायद्याने राखीव वनाची रेषा पक्की केली. १९७४ मध्ये वन विकास महामंडळ आले; मिश्र जंगल तोडून सागवान लावले गेले. मोह, चार, तेंदू, बिबा यांच्या जागी कवायतीला उभी केलेली झाडे. हिरवे दोन्हीही, आणि उपग्रहाच्या चित्रात हा फरक सहज दिसतही नाही. तो मोह वेचणाऱ्या बाईला विचारावा. महामंडळाच्याच अशा जंगलातून २०२१ साली कन्हाळगाव अभयारण्य झाले. म्हणजे ज्याला काल लाकडाचे शेत म्हटले, ते आज वाघाचे घर.

आणि मग झुडपी जंगल. जुन्या महसुली दप्तरात पडीक, खुरट्या झाडोऱ्याच्या जागेला दिलेला हा शब्द. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सहा जिल्ह्यांतल्या अशा जमिनी वनच समजाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. त्यांवर गुरे चरली, शाळा उभ्या राहिल्या, घरे झाली. एका कारकुनाच्या बोरूचा फटकारा शंभर वर्षांनी दिल्लीत वाचला गेला.

कागद कधी गावाच्या बाजूनेही वळतो. पोंभुर्ण्याला लागूनच असलेल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या ग्रामसभेने बांबू स्वतः विकायला घेतला, आणि तेंदूपान तोडणे बंद केले. कोवळ्या पानासाठी झाड छाटावे लागते, रान जाळावे लागते. छाटले नाही तर तेंदूला फळ धरते, ते माणूसही खातो आणि अस्वलही. तेंदूच्या हंगामातला रोख पैसा त्यांनी सोडला. नकाशावर याची कुठलीही खूण नाही. पन्नास वर्षांनी कुणी तिथली झाडे मोजली तर दिसेल.