निरोप खरा कशावरून?

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरीच्या परिसरात होणारा खवा आणि पेढा संकेतस्थळावरून विकायचा म्हटला, तर त्या व्यवहारातील सर्वांत नाजूक टप्पा पैसे मिळाल्याची वर्दी विक्रेत्याकडे पोहोचण्याचा असतो. ग्राहक पैसे भरतो ते पेमेंट गेटवेच्या, म्हणजे विक्रेता आणि बँका, कार्डे, यूपीआय यांच्या मध्ये उभ्या असलेल्या मध्यस्थ सेवेच्या पानावर. आणि व्यवहार पुरा होताच त्या सेवेचा सर्व्हर विक्रेत्याच्या सर्व्हरवरील ठरावीक पत्त्यावर आपणहून एक निरोप धाडतो. अशा निरोपाला ‘वेबहुक’ म्हणतात. 2007 मध्ये जेफ लिंडसे या अमेरिकी तंत्रज्ञाने हे नाव रूढ केले आणि आज पैशांचे व्यवहार, मालाची पाठवणी, संगणक-आज्ञावलींची देखभाल अशी असंख्य कामे याच पद्धतीने एकमेकांना जोडलेली आहेत.

या सोयीतच धोका आहे. निरोप स्वीकारणारा पत्ता आंतरजालावर उघडा असल्याने, ज्याला तो ठाऊक झाला त्या कोणालाही ‘अमुक मागणीचे पैसे जमा झाले’ असा हुबेहूब मजकूर तेथे पाठवता येतो, आणि विक्रेत्याच्या यंत्रणेने तो खरा मानला तर एक रुपयाही न मिळता माल रवाना होतो. पत्ता गुप्त ठेवल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण तो सर्व्हरच्या नोंदवह्यांतून किंवा काम सोडून गेलेल्या माणसाकडून बाहेर पडू शकतो. म्हणून निरोपाच्या खरेपणाचा पुरावा निरोपासोबतच यावा लागतो.

ही गरज नवी नाही. शिवकालीन पत्रांवर आरंभी शिक्का आणि मजकूर संपताच शेवटी मोर्तब उठवले जाई. शिक्क्यामुळे पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळे, तर मोर्तबामुळे पत्राच्या शेवटी मागाहून कोणी ओळ घुसडू शकत नसे. पाठवणारा कोण आणि मजकूर अखंड आहे काय, हेच दोन प्रश्न वेबहुकची सही सोडवते.

सही कशी घडते

तिचा पाया ‘हॅश’ या गणिती क्रियेत आहे. कितीही लांबीचा मजकूर या क्रियेतून काढला की ठरावीक लांबीचा ठसा मिळतो, मजकुरातील एक चिन्ह बदलले तरी ठसा पूर्णपणे बदलतो, आणि ठशावरून मजकूर उलगडणे व्यवहारात अशक्य असते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएचए-256 या पद्धतीत हा ठसा 256 बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहिल्यास 64 चिन्हांचा असतो. परंतु नुसता हॅश कोणालाही काढता येत असल्याने त्यात एक गुप्त किल्ली, म्हणजे फक्त गेटवे आणि विक्रेता या दोघांनाच ठाऊक असलेली अक्षरमाला, मिसळावी लागते. ती मजकुरापुढे नुसती जोडून भागत नाही, हे 2009 मध्ये ताय दुओंग आणि जुलियानो रिझ्झो या संशोधकांनी फ्लिकर या छायाचित्र-सेवेच्या बाबतीत सिद्ध केले. तेथे किल्ली माहीत नसतानाही मजकूर वाढवून नवी सही तयार करता येत होती. मिहिर बेल्लारे, रान कानेट्टी आणि ह्युगो क्रॉचिक यांनी 1996 मध्ये मांडलेल्या ‘एचमॅक’ पद्धतीत मात्र किल्ली दोन वेगवेगळ्या रीतींनी मिसळून हॅश दोनदा काढला जातो, त्यामुळे ही वाट बंद होते. रेझरपे, स्ट्राइप, गिटहब यांसारख्या सेवा याच पद्धतीने काढलेली सही निरोपाच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या माहितीच्या ओळींत, पाठवतात. विक्रेत्याचा सर्व्हर आपल्याजवळच्या किल्लीने तीच सही पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळल्या तरच निरोप स्वीकारतो.

पडताळणीत कोठे चुकते

प्रत्यक्षात सर्वाधिक घोटाळे होतात ते मजकुराच्या हाताळणीत. सही बाइटांवर, म्हणजे संगणकाने साठवलेल्या मूळ संख्यांवर, काढलेली असते. वाचणाऱ्याला दिसणाऱ्या अर्थाशी तिचा संबंध नसतो. ग्राहकाच्या पत्त्यातील ‘धाराशिव’ हा शब्द यूटीएफ-8 या प्रचलित संकेतनात सात चिन्हांचा आणि प्रत्येकी तीन बाइटप्रमाणे 21 बाइटांचा होतो. आता आलेला मजकूर आधी उलगडून, त्याची पुन्हा जुळणी करून मग सही तपासली, तर पायथनसारख्या भाषेतील नेहमीची सुविधा प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी सहा अक्षरांचा संकेत घालते आणि तोच शब्द 42 बाइटांचा होऊन बसतो. अर्थ तोच राहतो, सही मात्र जुळत नाही. मग वैतागून तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह होतो. इंग्रजी नावांवर चाचणी घेतलेली यंत्रणा मराठी नाव येताच अडखळते ती अशी. म्हणून मजकूर जसाच्या तसा, कोणतीही प्रक्रिया होण्यापूर्वीच तपासला पाहिजे.

सह्यांची तुलनाही जपून करावी लागते. पहिले न जुळणारे अक्षर येताच थांबणारी तुलना किती वेळात संपली यावरून किती अक्षरे बरोबर होती याचा अंदाज बांधता येतो. म्हणून दर वेळी सारखाच वेळ घेणारी तुलना वापरतात. शिवाय एखादा खरा निरोप पकडून तोच पुन्हा पाठवला तर त्याची सही अर्थातच जुळते. यावर उपाय म्हणून स्ट्राइपसारख्या सेवा पाठवण्याची वेळही सहीत गुंफतात आणि पाच मिनिटांहून जुना निरोप त्यांच्या तयार सुविधा नाकारतात. उत्तर न मिळाल्यास गेटवे स्वतःही तोच निरोप पुन्हा पाठवत असल्याने प्रत्येक घटनेचा क्रमांक नोंदवून ठेवावा लागतो, नाहीतर एकाच मागणीचा माल दोनदा जातो.

दोघांतली सही आणि सर्वांसाठी सही

एचमॅकची एक मर्यादा आहे: किल्ली दोघांजवळ सारखीच असल्याने सही नेमकी कोणी केली हे तिसऱ्यापुढे सिद्ध करता येत नाही. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा परंड्याच्या शेतकऱ्याने बँकेत दिला, तर बँकेलाही तो तपासता आला पाहिजे. म्हणून तेथे दोन किल्ल्यांची पद्धत असते, ज्यात सही खासगी किल्लीने होते आणि पडताळणी सर्वांना उपलब्ध असलेल्या किल्लीने होते. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 ने डिजिटल स्वाक्षरी म्हणून मान्यता दिली ती याच प्रकाराला. वेबहुकला मात्र बहुधा दोघांतली खात्री पुरते, आणि ती कमी खर्चात मिळते.

तुळजापूर, उमरगा, कळंब येथील व्यापारी व शेतकरी उत्पादक कंपन्या ऑनलाइन विक्रीकडे वळताना संकेतस्थळ दिसायला कसे आहे हे पाहतात, तेव्हा निरोपांची पडताळणी होते काय, हेही त्यांनी विचारले पाहिजे. गुप्त किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू नये, ती वेळोवेळी बदलली जावी, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी त्या पत्त्यावर तीन निरोप पाठवून पाहावेत: एक बिनसहीचा, एक मजकुरातील रक्कम बदललेला आणि एक आधी स्वीकारला गेलेला. पहिले दोन नाकारले जाऊन तिसऱ्याने दुसऱ्यांदा माल सुटत नसेल, तरच ते काम पुरे झाले असे समजून उरलेले बिल चुकते करावे.