पुढच्याची पाठ, मागच्याची फळी

प्रवासी वाहनातील आसनाच्या पाठीला मागच्या बाजूने जोडलेली, गरजेला आडवी उघडणारी आणि एरवी पाठीला लागून उभी राहणारी फळी, तिच्या शेजारचे बाटली अडकवायचे कडे आणि खाली लावलेली जाळीची पिशवी, असे तीन भाग मिळून एक लहान पण स्वतंत्र उपकरण तयार होते. रेल्वेच्या व्यवहारात फळीला स्नॅक टेबल म्हणतात, मोटारीच्या माहितीपत्रकात तीच ट्रे असते, तर कड्याला सगळीकडे बॉटल होल्डर हेच नाव रुळले आहे. या उपकरणाचे वैशिष्ट्य असे की ते ज्या आसनाला जोडलेले असते त्या आसनावरील प्रवाशाला त्याचा काहीच उपयोग नसतो, आणि ज्याला उपयोग असतो त्याच्या आसनाशी त्याचा काही संबंध नसतो. पुढच्याने पाठ रेलली की मागच्याची फळी कलते, मागच्याने फळी आपटली की पुढच्याच्या पाठीला धक्का बसतो; म्हणजे एकाच वस्तूवर दोन अनोळखी माणसांचा एकाच वेळी हक्क असतो, आणि तो दोघांनाही सुखाने भोगता यावा हीच आखणी करणाऱ्याची खरी परीक्षा होय.

नाशिकमध्ये या उपकरणाला दोन बाजूंनी महत्त्व आहे. एक तर हे अपडाऊन करणाऱ्यांचे शहर आहे. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई हे सुमारे १८७ किलोमीटरचे अंतर नोकरदाराच्या रोजच्या आवाक्यात आणले, आणि पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्यांचा एक वर्गच येथे तयार झाला, ज्याच्या दिवसाचे सहा-सात तास पुढच्या आसनाच्या पाठीकडे पाहण्यात जातात. या गाडीतील पासधारकांच्या डब्याने स्वच्छता आणि शांतता यांची आचारसंहिता स्वतःहून घालून घेतली व त्याची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सनेही घेतली, यावरून डबा हे ज्यांचे दुसरे घर झाले आहे त्यांची त्याविषयीची आस्था दिसते. दुसरी बाजू कारखान्याची आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोटारीचे सुटे भाग घडवणारे प्रेस शॉप आणि प्लॅस्टिकचे इंजेक्शन मोल्डिंग करणारे व्हेंडर मोठ्या संख्येने आहेत, आणि आसनामागे घडीच्या फळ्या असलेली एक भारतीय मोटार याच शहरात बनत होती. तिच्याकडे पुढे वळता येईल.

जुन्या काळी प्रवाशाला अशा फळीची उणीव भासली नाही, याचे कारण त्याच्या सामानात सापडते. फिरकीचा तांब्या पोटाला रुंद, बुडाला बसका आणि तोंडाला आट्यांचे झाकण असलेला असे. तो बाकाखाली ठेवला तर सहसा कलंडत नसे आणि कलंडला तरी पाणी सांडत नसे. शिदोरी फडक्यात बांधलेली असे व ती मांडीवरच सोडली जाई. प्लॅस्टिकच्या बाटलीने हे गणित बदलले. एक लिटरच्या भरलेल्या बाटलीचा व्यास सुमारे आठ सेंटिमीटर धरला आणि तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे तिचे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, तळापासून सुमारे बारा सेंटिमीटरवर धरला, तर अर्धा व्यास आणि ही उंची यांचे प्रमाण एकास तीन पडते. याचा अर्थ गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांश इतक्या जोराने कमी झाला की मोकळी उभी बाटली पडते. जोरात ब्रेक लावणारी बस यापेक्षा अधिक झटका सहज देते. म्हणूनच बाटलीला नुसता सपाट तळ पुरत नाही, तिला कडे लागते, आणि ते कडे गुरुत्वमध्याच्या वर, म्हणजे बाटलीच्या निम्म्या उंचीपेक्षा थोडे अधिक उंचीवर असावे लागते. बाजारात मिळणारे कित्येक होल्डर इतके उथळ असतात की ते बाटली फक्त घसरू देत नाहीत. तिचे पडणे त्यांना रोखता येत नाही.

घडीच्या कड्याची रचना जवळून पाहण्यासारखी असते. पाठीला एक चपटी चौकट घट्ट बसवलेली असते. तिच्या वरच्या कडेला बिजागरीवर फिरणारे कडे आणि खालच्या कडेला तशीच फिरणारी लहान बैठक असते, आणि या दोहोंना बाजूची एक बारीक पट्टी जोडते. कडे बोटाने पुढे ओढले की पट्टीमुळे बैठकही आपोआप आडवी होते. कडे मिटले की बैठक चौकटीत जाऊन बसते, आणि दोन-अडीच सेंटिमीटरच्या जाडीत सगळे मावते. यातले चलभाग तीनच, पण त्यांच्या खिळ्यांची भोके अर्धा मिलिमीटर जरी सैल झाली तरी कडे प्रवासभर खुळखुळत राहते.

फळीची अडचण वेगळी आहे आणि ती तरफेच्या नियमात आहे. फळी बिजागरीपासून प्रवाशाच्या बाजूला सुमारे तीस सेंटिमीटर पुढे येते. तिच्या कडेवर कोणी कोपर टेकवून दहा किलोचा भार दिला आणि फळीला खाली जाऊ न देणारा अडसर बिजागरीपासून पाच सेंटिमीटरवर असला, तर अंतरांचे प्रमाण सहा पट असल्याने त्या अडसरावर साठ किलोचा दाब येतो. उठताना फळीच्या कडेवर हात रोवून अंगाचा भार देणाऱ्याचे वजन दहा किलोपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि लहान मुलाला फळीवर बसवले की काय होते ते वेगळे सांगायला नको. डब्यातील मोडक्या फळ्या पाहिल्या तर बहुतेक वेळा फळी शाबूत असते आणि तिचा अडसर किंवा बिजागरीचा कान तुटलेला असतो. फळी मिटलेली ठेवणारा वरचा फिरता खटका हा दुसरा नाजूक भाग होय; तो फिरवायचा असतो, पण घाईत ओढला जातो, आणि एकदा का तो झिजला की फळी प्रत्येक धक्क्याला गुडघ्यांवर येऊन पडते.

पाठ मागे रेलणाऱ्या आसनात आणखी एक पेच येतो. फळी जर थेट पाठीलाच जोडलेली असेल तर पाठ दहा अंशांनी मागे गेल्यावर फळीची पुढची कड पाच सेंटिमीटर खाली येते, आणि तिच्यावरचे सगळे मागच्या प्रवाशाच्या मांडीकडे घसरू लागते. यावर उपाय म्हणून चांगल्या आसनांत फळीचे दोन्ही दांडे पाठीला न जोडता आसनाच्या खालच्या, न हलणाऱ्या सांगाड्याला जोडतात. पाठ फळीच्या मागे हवी तशी कलते आणि फळी आपल्या जागी आडवीच राहते. विमानांत आणि वातानुकूलित चेअर कारमध्ये फळीला जे लांब बाजूदांडे दिसतात त्यांचे प्रयोजन हे आहे.

नाशिककडे येणाऱ्या गाडीला कसारा ते इगतपुरी हा थळ घाट चढावा लागतो आणि त्याचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी एक मीटर वर येते. भारतातील ब्रॉडगेज मार्गांवरील अतितीव्र चढांत याची गणना होते, आणि घाटात चहा सांडतो तो चढामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिशेब मात्र निराळा निघतो. सात सेंटिमीटर तोंडाच्या कपात या चढाने चहाची पातळी एका काठाकडून दुसऱ्या काठापर्यंत जेमतेम दोन मिलिमीटर कलते, जे डोळ्यालाही नीट जाणवत नाही. चहा सांडतो तो झटक्याने. कसाऱ्याला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडताना बसणारा धक्का, वळणावरचा हेलकावा आणि ब्रेकचा हिसका ही खरी कारणे आहेत. मुंबईहून नाशिकरोडमार्गे शिर्डीला जाणारी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली, ती बँकरशिवाय हा घाट चढते, त्यामुळे तिच्यात त्यातला एक धक्का तरी वाचतो. रस्त्यावर परिस्थिती अधिक कठीण असते. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने ब्रेक लागला तर त्याच कपातील चहा पुढच्या काठाला पावणेदोन सेंटिमीटर चढतो. म्हणून फळीला कपाएवढा खळगा आणि भोवती उंच काठ हवा, आणि कप दोन सेंटिमीटर रिकामा हवा. यातली पहिली गोष्ट कारखान्याच्या हातात आहे, दुसरी चहावाल्याच्या.

महिंद्र अँड महिंद्रच्या नाशिक कारखान्यात तयार होणारी झायलो ही मोटार जानेवारी २००९ मध्ये बाजारात आली. मोठ्या कुटुंबासाठी आणि पर्यटनाच्या भाडेगाडीसाठी आखलेल्या या सात-आठ आसनी वाहनाच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २७६० मिलिमीटर होते, आणि तिच्या वरच्या श्रेणीत पुढच्या दोन्ही आसनांच्या पाठीला घडीच्या फळ्या दिलेल्या होत्या. त्या काळी त्या किमतीच्या गाडीत अशी सोय ही अप्रूपाची गोष्ट होती. विशेष म्हणजे याच पुढच्या आसनांच्या पाठी पूर्ण मागे टाकून सपाट बिछाना करण्याचीही सोय झायलोत होती. एकाच पाठीने कधी फळी धरायची आणि कधी गादी व्हायचे, या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत, कारण फळी जाड केली तर बिछान्याखाली ती अडचण होते आणि पातळ केली तर भार सोसत नाही. आखणीकारांनी ही तडजोड जमवली याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्र्यंबकेश्वर, शिर्डी, वणी अशा देवस्थानांच्या फेऱ्यांसाठी अशा मोठ्या गाडीचा उपयोग उघडच होता, आणि गाडीतच प्रसादाचा पुडा सोडणाऱ्या, मुलांना खाऊ देणाऱ्या कुटुंबाला त्या फळीचे मोल वेगळे पटवून द्यावे लागले नसेल. झायलोचे उत्पादन आता बंद झाले आहे. इतर कंपन्यांच्या मोठ्या मोटारींत मात्र ही सोय टिकली आहे, आणि ज्यांच्या गाडीत ती नाही त्यांच्यासाठी डोके टेकायच्या उशीच्या दांड्यांना अडकवायचे तयार घडीचे ट्रे दुकानांत मिळतात.

हे बाहेरून अडकवायचे ट्रे विकत घेताना किमतीपेक्षा सुरक्षिततेचा विचार आधी करावा लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अपघातात अर्ध्या मीटरच्या आत थांबली तर गाडीतील प्रत्येक सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर येतो. एक लिटरची बाटली त्या क्षणी वीस किलोची होते. मागच्या प्रवाशाचे डोके ज्या भागावर आदळू शकते तिथे टोकदार कड असू नये म्हणून मोटारीच्या अंतर्भागासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची मागितली आहे. विमानात तर आसन गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट झटक्याच्या चाचणीतून जाते आणि उड्डाण व उतरण्याच्या वेळी फळी मिटलेली असणे सक्तीचे असते. ओझरच्या विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाला जी सूचना नेमाने ऐकू येते तिच्यामागे हे कारण आहे. मोटारीत अशी सूचना देणारे कोणी नसते. शिवाय ज्या गाडीच्या आसनातच बाजूची एअरबॅग बसवलेली असते तिथे आसनाला कवटाळणारे कापडी ट्रे किंवा खिसे लावल्यास एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

रेल्वेत ही फळी रुजली ती जेवण आसनापर्यंत येऊ लागल्यामुळे. डेक्कन क्वीनसारख्या गाडीत प्रवासी उठून खानपानाच्या डब्यात जाई. १९८८ साली शताब्दी एक्स्प्रेस आली आणि तिकिटातच जेवण धरून ते जागेवर देण्याची पद्धत पडली, तेव्हा चेअर कारमधील प्रत्येक आसनामागे फळी असणे अपरिहार्य झाले. यात एक त्रुटी मात्र राहून जाते: ज्याच्यापुढे आसनच नाही अशा टोकाच्या रांगेतील प्रवाशाला पाठही मिळत नाही आणि पिशवीही. २०२३ मध्ये वंदे भारतमध्ये ज्या सुधारणा जाहीर झाल्या त्यांत एक्झिक्युटिव्ह डब्यातील टोकाच्या आसनांसाठी मासिकांची पिशवी देण्याचा समावेश होता. इतक्या बारीक गोष्टीची दखल घेतली गेली हे प्रवाशाच्या दृष्टीने मोलाचे आहे.

एसटीच्या बाबतीत अजून बरेच व्हायचे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांनी लाखो प्रवाशांची आसने घडवली आहेत. साध्या बसमध्ये उभ्या प्रवाशालाही पुढच्या आसनाचा दांडा धरून तोल सावरावा लागतो. तिथे फळी देणे धोक्याचे आणि निरुपयोगी ठरेल, हे मान्य करायला हवे. परंतु नाशिक-पुणे यासारख्या पाच तासांच्या आसपासच्या प्रवासात, जिथे सर्व प्रवासी बसलेलेच असतात, तिथे प्रत्येक आसनामागे निदान एक मजबूत जाळी आणि योग्य उंचीवरचे घडीचे कडे असलेच पाहिजे. त्याला वीज लागत नाही, जागा लागत नाही, आणि त्याचे सगळे सुटे भाग सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सहज करता येण्यासारखे आहेत.

प्रवाशांनाही एक विनंती करावीशी वाटते. फळी उघडताना खटका फिरवावा, हिसका देऊ नये. उठताना तिच्यावर भार न देता हातटेकूचा आधार घ्यावा. जाळीत शेंगांची टरफले आणि रिकामे कप कोंबू नयेत. आणि उतरण्यापूर्वी फळी मिटून खटका लावावा, कारण पुढच्या स्थानकावर त्याच जागी दुसरे कोणीतरी येऊन बसणार असते.