ट्रान्सफरचा पैसा नेमका जातो कुठे?

जून संपत आला की युरोपातल्या लीग थांबलेल्या असतात, पण नांदेड आणि लातूरच्या फुटबॉलवेड्या पोरांचं त्यावाचून अडत नाही. वाद घालायला ट्रान्सफर असतात. लातुरात औसा रोडच्या मेसमध्ये नीटची तयारी करणारी मुलं, नांदेडात शिवाजीनगरच्या टपरीवर कटिंग घेणारी मंडळी, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: कोण कुठे चालला आणि केवढ्याला चालला. रात्री साडेबारा-दीडला जागून चॅम्पियन्स लीग बघणारे हे प्रेक्षक खेळाचे चांगले जाणकार आहेत. कुठला लेफ्ट बॅक कोणत्या क्लबात किती वर्षं होता, हे त्यांना पाठ असतं. पण गाडी पैशावर आणि नियमांवर आली की त्याच त्या चुकीच्या समजुती दरवर्षी नव्याने बाहेर येतात. त्यांतल्या एका समजुतीची किंमत आपल्याच जिल्ह्यांतली मुलं मोजतात, म्हणून हा लेख.

सुरुवात आकड्यापासून. ऑगस्ट 2017 मध्ये नेमार बार्सिलोना सोडून पॅरिस सेंट-जर्मेंला गेला, तेव्हा 22 कोटी 20 लाख युरोची रक्कम गाजली. हा विक्रम अजून मोडलेला नाही. "नेमारच्या सात पिढ्या बसून खातील," असं तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. नेमारला पगार गलेलठ्ठ मिळाला हे खरं, पण तो वेगळा. हे 22 कोटी 20 लाख गेले बार्सिलोनाच्या खात्यात. खेळाडूचा क्लबशी ठरावीक मुदतीचा करार असतो. मुदत संपायच्या आत त्याला न्यायचं असेल, तर जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागते. हीच ट्रान्सफर फी. नेमारच्या करारात ही भरपाई आधीच आकड्यात लिहिलेली होती. तेवढे पैसे भरल्यावर त्याला अडवणं बार्सिलोनाच्या हातात उरलं नाही.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. कराराची मुदत जसजशी सरते, तसतशी फी घसरते. शेवटचं वर्ष उरलं की भलेभले क्लब नमतं घेतात आणि मुदत संपली की फीच उरत नाही. हा हक्क खेळाडूंना मिळवून दिला बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मान या साध्या मिडफिल्डरने. 1990 मध्ये लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला होता, तरी फ्रान्सच्या डंकर्क क्लबात जाण्यासाठी त्याच्यावर फी लावली गेली. तो कोर्टात गेला, त्यात त्याच्या खेळायच्या वयातली वर्षं खर्ची पडली आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. मेस्सी 2021 मध्ये पॅरिसला गेला आणि एम्बाप्पे 2024 मध्ये रिअल माद्रिदला, दोघेही फीविना गेले ते या निकालामुळे. मेस्सीला बार्सिलोनाने हाकललं, ही समजूतही सोडून द्यायला हवी. ला लीगाच्या वेतनमर्यादेत बसत नसल्याने त्याचा नवा करार नोंदवताच आला नाही. आणि असा 'फुकट' आलेला खेळाडू स्वस्त पडतो असंही नाही. फीचे वाचलेले पैसे सहीचा बोनस आणि वाढीव पगार म्हणून बऱ्याच अंशी खेळाडूच्याच पदरात पडतात.

"बोलणी झाली, पक्कं झालं, आता काय राहिलं?" असंही ऐकू येतं. नोंदणी राहते. खेळाडूची नोंदणी जुन्या क्लबकडून निघून नव्या क्लबच्या नावावर झाल्याशिवाय तो मैदानात उतरू शकत नाही आणि ही नोंदणी वर्षातल्या दोन ठरलेल्या कालावधींतच होते. दुसऱ्या देशात जायचं तर दोन्ही क्लबांना फिफाच्या संगणकप्रणालीत तोच व्यवहार जुळवून भरावा लागतो, मग प्रमाणपत्र एका देशाच्या महासंघाकडून दुसऱ्याकडे जातं. 31 ऑगस्ट 2015 ला मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर डेव्हिड डे हेआ रिअल माद्रिदला जाणार हे ठरलं होतं आणि त्या बदल्यात केलोर नावास इंग्लंडला येणार होता. कागद मुदतीनंतर काही मिनिटांनी पोचले. दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, पण व्यवहार मोडला आणि डे हेआ मँचेस्टरलाच राहिला. जगातले दोन सर्वांत श्रीमंत क्लब नोंदणीच्या कागदापुढे हतबल झाले, हे पुढे आपल्या मुलांबद्दल बोलताना ध्यानात असू द्या.

आता आपल्याकडे येऊ. इंडियन सुपर लीग म्हणजे फुटबॉलचं आयपीएल आणि खेळाडू लिलावात घेतले जातात, असं अनेकांना वाटतं. या समजाला एक कारण आहे. 2014 मध्ये पहिल्या मोसमाआधी ड्राफ्ट झाला होता, जुलै 2015 मध्ये दहा भारतीय खेळाडूंचा खरोखर लिलाव झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने 1 कोटी 20 लाखांना घेतलं, युजीन्सन लिंगडोहला एफसी पुणे सिटीने 1 कोटी 5 लाखांना. 2017 मध्ये आणखी एक ड्राफ्ट झाला आणि तो प्रकार तिथेच थांबला. तेव्हापासून क्लब आणि खेळाडू थेट करार करतात; मुदत, फी, लोन हे सगळं जगात चालतं तसंच.

मुंबईचा राहुल भेके याचं उत्तम उदाहरण. 17 मार्च 2019 ला अंधेरीच्या मैदानावर जादा वेळ संपत आली असताना त्याच्या हेडरने बंगळुरू एफसीला एफसी गोवाविरुद्ध विजेतेपद मिळवून दिलं. 2021 मध्ये तो मुंबई सिटीत आला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी गोल त्याचाच होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. 2024 मध्ये कर्णधार म्हणून आयएसएल कप उचलला आणि पुन्हा बंगळुरूला गेला. यात कुठेही बोली लागली नाही. "पैसे दिसले की पळतो," असं या मुलांबद्दल बोलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: डिफेंडरची कारकीर्द पंधराएक वर्षांची असते आणि प्रत्येक करार संपताना पुढच्या मोसमाची शाश्वती नसते.

लीगबद्दलचा गोंधळ याहून मोठा आहे. आयएसएलमध्ये 2024-25 च्या मोसमापर्यंत दोन करंडक होते. गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला शील्ड, त्यानंतरच्या बाद फेरीत जिंकणाऱ्याला कप. टीव्हीवर कपचा जल्लोष जास्त दिसतो म्हणून लोक त्यालाच खरा विजेता धरतात. पण 2019-20 पासून आशियातल्या सर्वोच्च स्पर्धेचा रस्ता शील्डने उघडला. त्या मोसमात कप एटीकेने नेला, तर शील्ड जिंकणारा एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. माझं मत विचाराल तर मोसमभराची कसोटी शील्डमध्येच लागते.

तळाला राहिलेला संघ खाली जातो, हे इंग्लंडचं गणित इथे बरीच वर्षं नव्हतंच. आयएसएल सुरू झाली ती बंद दारांची लीग म्हणून. आय-लीग जिंकून वर येण्याचा मार्ग 2022-23 च्या मोसमापासून खुला झाला. त्यातून आधी पंजाब आणि पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग वर आले. पण आपला क्लब खाली गेला नाही म्हणजे टिकला, असंही नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि काही वर्षांतच क्लब बंद झाला. पुणे एफसीही गेला. आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादकडे गेली. नांदेडकरांना हैदराबाद मुंबई-पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळे तिथला संघ आपलासा वाटायला वेळ लागला नाही. 2021-22 चा कप जिंकणाऱ्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. 2025 मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. गुणतक्ता या क्लबांचं काही बिघडवू शकला नाही. मालकांचा ताळेबंद त्यांना घेऊन गेला. चाहत्यांनी खरी चौकशी करायची ती त्या ताळेबंदाची.

"ज्याच्याकडे पैसा, त्याचा कप" हा तर दर वादाचा शेवटचा पत्ता. तो अर्धा खरा आहे. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश फुटबॉलच्या अभ्यासात दाखवलं, की लीगमधल्या क्रमांकाशी घट्ट नातं असतं ते पगाराच्या एकूण खर्चाचं; ट्रान्सफर फीचं नातं बरंच सैल. मोठी फी देऊन फसलेले खेळाडू आपण सगळ्यांनी पाहिलेत. 2015-16 मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा त्यांच्यावर पाच हजारास एक असा भाव होता. रियाद महरेझला त्यांनी फ्रान्सच्या दुसऱ्या दर्जाच्या क्लबातून पाच लाख पौंडांपेक्षाही कमी फीत आणलं होतं. आपल्या देशात त्याहून मोठी गोष्ट घडली. मिझोरमचा आयझॉल एफसी 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला होता, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने त्याला पुन्हा जागा मिळाली आणि खालिद जमीलच्या प्रशिक्षणाखाली 2017 मध्ये तोच विजेता ठरला. मुंबईचा जयेश राणे त्या संघात होता. उलट बाजूने, नियमांपेक्षा जास्त तोटा केल्याबद्दल एव्हर्टनचे नोव्हेंबर 2023 मध्ये 10 गुण कापले गेले, अपिलानंतर 6. हवा तेवढा पैसा ओतायला कुणालाच मोकळीक नाही.

आता ज्या समजुतीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती: "हे सगळं युरोपाचं, आपल्या नांदेड-लातूरशी याचा काय संबंध?"

संबंध थेट आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फीतले 5 टक्के त्या खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, 16 ते 23 मधल्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. नेमारच्या 22 कोटी 20 लाखांतूनही त्याच्या लहानपणीच्या सांतोस क्लबला वाटा मिळाला, क्लब सोडून चार वर्षं झाली होती तरी. समजा, नांदेडच्या एका क्लबात कुणी मुलगा वयाच्या 12 पासून चार वर्षं खेळला आणि पुढे कधीतरी परदेशातल्या व्यवहारात त्याची फी एक कोटी युरो ठरली. नांदेडच्या क्लबचा वाटा होतो एक लाख युरो, रुपयांत जवळपास एक कोटी. एवढी मोठी फी भारतीय खेळाडूच्या वाट्याला अजून आलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण देशांतर्गत व्यवहारांसाठीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नियमावलीत प्रशिक्षणाच्या भरपाईची तरतूद आहे आणि भारतीय अकादमींनी तसे दावे केलेलेही आहेत.

अडतं ते एकाच ठिकाणी. हा हिशेब खेळाडूच्या पासपोर्टवरून होतो आणि पासपोर्ट म्हणजे कोणत्या वर्षी तो कोणत्या क्लबकडे नोंदलेला होता, याची यादी. आपल्या भागातला मुलगा खेळतो ते शाळेकडून. तालुका, जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य, या वाटेने सुब्रतो कपपर्यंत जातो. ही वाट चांगली आहे, पण शाळेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे क्लबची नोंदणी नव्हे. रोज पहाटे मैदानावर मुलं जमवून, स्वतःच्या खिशातून चेंडू आणणारा प्रशिक्षक कुठल्याच यादीत नसतो. मग मुलगा पुण्या-मुंबईच्या अकादमीत गेला की त्याचा पासपोर्ट तिथून सुरू होतो. घडवणाऱ्या क्लबची नोंदच सापडली नाही, तर त्याचा हिस्सा त्याला मिळत नाही.

आणखी एक धोका. "मुलाला युरोपात घेऊन जातो, ट्रायल पक्की, आधी एवढे भरा," असं सांगणारे फिरत असतात. 18 वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर फिफाने मोजके अपवाद सोडून बंद ठेवली आहे आणि त्या अपवादांत नांदेडच्या 15 वर्षांच्या मुलाला एकट्याने घेऊन जाणं बसत नाही. एजंट व्हायला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पैसे देण्याआधी पालकांनी ती उघडावी.

नांदेड आणि लातूरच्या प्रशिक्षकांना, क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांचा गट चालवत असाल तर त्याचा रीतसर क्लब करा, जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न व्हा आणि प्रत्येक मुलाची महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीप्रणालीत वयाच्या 12 व्या वर्षापासून दर मोसमाला नोंद करा. मुलगा दुसरीकडे चालला तर अडवू नका, पण त्याची नोंदणी तुमच्या क्लबकडूनच पुढे जाईल असं पाहा. आणि पालकांनो, मुलाचा नोंदणी क्रमांक मागून घ्या; नोंदणीवर कोणत्या क्लबचं नाव आहे ते आजच तपासा.