मांडीवरचे बाळ आणि समोरचा संगणक

आमच्या निवासी शाळेच्या संगणककक्षात ज्यांनी पहिल्यांदा माऊस हाती धरला, ती मुले आज आईवडील झाली आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला ती येतात तेव्हा कडेवर आठ महिन्यांचे किंवा वर्ष-दीड वर्षाचे बाळ असते. ते किरकिरू लागले की पिशवीतून दुधाच्या बाटलीच्या आधी मोबाईल निघतो. ‘सर, याला आत्तापासूनच शिकवायचं तर कोणतं ॲप लावून देऊ?’ हा प्रश्न अलीकडे आम्हांला वारंवार विचारला जातो. त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. ज्याला स्वतःला संगणकाचे दर्शन सातवी-आठवीत झाले आणि शहरातल्या महाविद्यालयात कळफलकावरची अक्षरे शोधताना ज्याला शेजाऱ्याची नजर चुकवावी लागली, त्याला आपले मूल तरी मागे राहू नये असे वाटणारच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घाईने न देता सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

बाळासाठी संगणक ही कल्पना तशी नवी नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दोन वर्षांखालील बालकांसाठी शैक्षणिक आज्ञावल्या सीडीवर विकल्या जाऊ लागल्या. ‘जंपस्टार्ट बेबी’ आणि ‘रीडर रॅबिट प्लेटाइम फॉर बेबी’ ही त्यांतली गाजलेली नावे. या प्रकाराला तेथे ‘लॅपवेअर’ असे नाव पडले. ‘लॅप’ म्हणजे मांडी. आईने वा वडिलांनी संगणकासमोर बसावे, बाळाला मांडीवर घ्यावे आणि दोघांनी मिळून खेळावे, असा त्या नावाचा अर्थ. नावातच अट घातलेली होती: मांडी असेल तरच हा खेळ. पुढे पडदा लहान होत होत तळहातावर आला. मांडीची गरज उरली नाही आणि ती अटही विस्मरणात गेली.

अशा आज्ञावलीचे काम कसे चालते, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. स्कॉट हॅन्सलमन या अमेरिकन प्रोग्रामरने २००८ मध्ये ‘बेबीस्मॅश’ नावाची छोटी मोफत आज्ञावली तयार केली. ती सुरू केली की संपूर्ण पडदा व्यापते आणि बाळाने कळफलकावर कोठेही हात आपटला तरी आपल्या फायलींना धक्का लागणार नाही अशी व्यवस्था करते. अक्षराची कळ दाबली गेली तर ते अक्षर रंगीत होऊन पडद्यावर उमटते आणि त्याचा उच्चार ऐकू येतो. दुसरी एखादी कळ दाबली तर त्रिकोण, वर्तुळ असा एखादा आकार प्रकटतो. याहून अधिक काही नाही. कळ दाबली नाही तर पडदाही स्वस्थ राहतो.

एवढ्याशा गोष्टीने बाळ हरखून का जाते? याचे उत्तर संगणकाच्या कितीतरी आधी, पाळण्यापाशी शोधले गेले. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तान्ह्या बाळाच्या पायाला रेशमी फीत बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला जोडले होते. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळाच्या ध्यानी यायला फार वेळ लागला नाही. मग ते मुद्दाम पाय झाडू लागले. असेच प्रयोग पुढे चालू राहिले तेव्हा तीन महिन्यांची बाळे ही गोष्ट सुमारे आठवडाभर लक्षात ठेवतात, असेही आढळले. ‘माझ्यामुळे काहीतरी घडते’ हा शोध बाळाला अतिशय प्रिय असतो. घुंगूरवाळ्याचा नाद, पितळी वाटीवर चमच्याचा ठोका आणि संगणकाची कळ, या तिन्हींत बाळाच्या दृष्टीने एकच आनंद आहे. तेव्हा संगणकावर बाळ रमले म्हणजे ते ‘संगणक शिकले’ असे नव्हे. कार्य आणि कारण यांचा संबंध ते शिकत असते, आणि त्यासाठी वाटीचमचाही पुरतो.

पण भाषा, नावे, अर्थ यांचे काय? येथे मात्र पडद्याची मर्यादा उघड होते. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन भाषा ऐकवण्यात आली. काहींशी मँडरिनभाषक माणसे समोर बसून खेळली, बोलली. इतरांना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले किंवा नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. ज्यांच्याशी माणूस समोर बसून बोलला होता ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. पडद्यापुढची आणि ध्वनिमुद्रण ऐकणारी बाळे मात्र काहीच शिकली नाहीत.

आईवडिलांनी विशेष लक्षात ठेवावा असा दुसरा अभ्यास जुडी डीलोच आणि सहकाऱ्यांचा, २०१० चा. शब्द शिकवण्याचा दावा करणारी एक लोकप्रिय चित्रफीत बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांनी महिनाभर घरी पाहिली. काही मुलांना ती दाखवली नाही, पण त्यांच्या पालकांना त्याच शब्दांची यादी दिली आणि दैनंदिन व्यवहारात जमेल तसे ते शब्द शिकवा असे सांगितले. महिन्याअखेर चित्रफीत पाहिलेली मुले ती न पाहिलेल्या सामान्य मुलांच्या पुढे नव्हती. सर्वांत अधिक शब्द शिकली ती पालकांनी शिकवलेली मुले. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या पालकांना ती चित्रफीत आवडली होती, त्यांना आपले मूल प्रत्यक्षाहून अधिक शिकले आहे असे वाटत होते. मूल टक लावून पाहते, म्हणून ते शिकते, ही समजूत किती सहज होते याचा हा दाखला आहे.

असे का व्हावे? बाळ ‘बब्बा’ म्हणते तेव्हा आई ‘हो गं, बाबा आले’ असे म्हणते. बाळाची नजर कोठे आहे ते ती पाहते आणि त्याच वस्तूचे नाव घेते. बाळ थांबले की ती थांबते, हसले की हसते. ही देवाणघेवाण तुटली तर काय होते, ते एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात बाळाशी छान खेळणारी आई काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून नुसती पाहत राही. बाळ आधी हसून, हात पुढे करून तिला परत बोलावू पाही, मग अस्वस्थ होऊन नजर फिरवी. आपण मोबाईलमध्ये मान घालून बसतो तेव्हा बाळाला आपला चेहरा कसा दिसत असेल, याचा विचार या प्रयोगाने करायला लावावा.

म्हणूनच तज्ज्ञसंस्थांचे सल्ले एकाच दिशेचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच नको, एक वर्षाच्या मुलालाही बसून पडदा पाहायला लावू नये, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हीदेखील दोन वर्षांपर्यंत पडदा टाळण्यास सांगते. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल एवढाच तिचा अपवाद. तो अपवाद सयुक्तिक आहे, कारण पलीकडची आजी खरोखर उत्तर देते. पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी गावाकडच्या आजीआजोबांशी बाळाला असे जरूर बोलू द्यावे.

तर मग शैक्षणिक आज्ञावल्यांचा उपयोगच नाही काय? तसे आम्ही म्हणत नाही. बाळ दोन वर्षांच्या आसपास आले, दोन शब्द जोडून बोलू लागले, की मोठ्यांच्या सोबतीने थोडा वेळ हा खेळ खेळता येतो. त्याची रीत आम्ही पुढीलप्रमाणे सुचवू.

शक्यतो मोबाईलऐवजी मोठ्या पडद्याचा संगणक वापरावा, कारण तो दोघांना एकत्र पाहता येतो. मूल मांडीवर असावे आणि त्याचा चेहरा आपल्याला दिसावा. कळ त्यानेच दाबावी, आपण घाई करू नये. पडद्यावर लाल वर्तुळ आले तर आपण ‘लाल टिकली! आईच्या कपाळावर आहे तशी’ असे म्हणावे आणि थांबावे. मूल काही बोलले, बोट दाखवले, की त्याला उत्तर द्यावे. यंत्रातला आवाज इंग्रजी असेल तर तो बंद करून आपल्या घरच्या भाषेत बोलावे. मग ती प्रमाण मराठी असो, वऱ्हाडी असो वा अहिराणी. पडद्यावर जे पाहिले ते उठून घरात दाखवावे. कोंबडीचे चित्र आले तर अंगणातली कोंबडी, वर्तुळ आले तर ताटातली भाकरी. लहान मुलांना पडद्यावरचे ज्ञान प्रत्यक्ष वस्तूंना लावणे अवघड जाते. तो पूल मोठ्यांनी बांधावा लागतो. पाच-दहा मिनिटे पुरेत. मुलाने मान फिरवली की खेळ संपला. जेवू घालताना, झोपवताना आणि रडे थांबवण्यासाठी पडदा कधीही वापरू नये.

आज्ञावली निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तीत जाहिराती नसाव्यात. मुलाने काही केल्याशिवाय ती आपोआप पुढे सरकू नये. आणि ती चटकन बंद करता यावी. ‘बेबीस्मॅश’सारखी साधी आज्ञावली या कसोटीला उतरते. पुढे ‘जीकॉम्प्री’ हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा आणि ‘टक्स पेंट’ हा तीन वर्षांपुढील मुलांचा चित्रे काढण्याचा संच, असे दोन्ही मोफत व मुक्त प्रकल्प उपयोगी पडतील. त्याआधीच्या वयात संगणकाची हौस असेल, तर तार काढून टाकलेला जुना कळफलक आपल्या देखरेखीखाली खेळायला द्यावा. मात्र त्याच्या कळा निखळत नाहीत ना, हे तपासावे. गोल चपट्या बटन सेलची खेळणी बाळापासून दूरच ठेवावीत. असा सेल गिळला गेला तर जिवावर बेतू शकते.

आता मूळ भीतीकडे वळू. उशीर झाला तर मूल मागे पडेल काय? मुलांना संगणकाशी बोलता यावे म्हणून १९६७ मध्ये ‘लोगो’ ही भाषा ज्यांनी घडवली, त्यांपैकी एक सीमोर पॅपर्ट. आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या १९८० च्या ग्रंथात त्यांनी स्वतःच्या बालपणाविषयी लिहिले आहे. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांना मोटारींचे वेड लागले होते. गाडीच्या भागांची नावे त्यांच्या बोबड्या शब्दसंग्रहात भरलेली होती. पुढे दातेरी चक्रांच्या खेळातून त्यांना गणिताची गोडी लागली. तेव्हा कोणाच्याही घरी संगणक नव्हता. आमच्या शाळेतील जी मुले आज संगणकावर पोट भरतात, त्यांनीही बाळपणी तो पाहिला नव्हता. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात करून ती काही महिन्यांत सराईत झाली, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. कळ दाबणे केव्हाही शिकता येते. बोलणे, ऐकणे, एका गोष्टीत मन रमवणे यांचा पाया मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच भक्कम व्हावा लागतो.

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आया निरक्षर होत्या. तरी निंदणी करताना, चुलीपाशी, पाणी भरताना त्या मुलाशी अखंड बोलत. दळताना ओव्या गात, प्रत्येक पाखराचे आणि रानभाजीचे नाव सांगत. आपल्याला काही येत नाही, म्हणून यंत्राने शिकवावे, असे आज ज्या तरुण आईला वाटते, तिने आपल्या आईचे ते बोलणे आठवावे. वर्गात आमच्यासमोर बसलेल्या मुलामुलींना जे शब्द आधीच ठाऊक होते, ते त्या बोलण्यातूनच आलेले होते.

तेव्हा पुढच्या मेळाव्याला बाळाला अवश्य घेऊन या. संगणककक्ष उघडा असेल. त्याला तुमच्या मांडीवर घेऊन तुम्ही जेथे बसत होता त्याच बाकावर बसा, एक कळ त्याला दाबू द्या, आणि जे उमटेल त्याचे नाव तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.