रेल्वेचे बेअरिंग: वर्ग कोणता, वेष्टन कसे?

रेल्वेच्या चाकाचे बेअरिंग परदेशी पाठवताना अनेक जण ते 8607, म्हणजे रेल्वेचे सुटे भाग, या शीर्षकाखाली दाखवतात. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण एचएस वर्गीकरणात (सीमाशुल्कासाठी मालाला क्रमांक देण्याची जागतिक पद्धत) बेअरिंगचा क्रमांक ते कुठे बसवणार यावर ठरत नाही. लग्नासाठी घेतलेला तांदूळही धान्यातच मोडतो, तसेच हे. वाहनांच्या विभागाच्या टिपेतच 8482 चा माल स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणून शंकूच्या आकाराच्या रोलरचे बेअरिंग 8482.20 मध्ये आणि सुटे रोलर 8482.91 मध्ये जातात. बेअरिंग ज्यात बसते तो अ‍ॅक्सल-बॉक्स मात्र 8607 मध्येच राहतो.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो: एवढ्या जड पोलादाला वाटेत काय होणार? खरे तर न फिरता नुसते थरथरणे बेअरिंगला घातक असते. रोलर एकाच जागी घासत राहतात, मधले वंगण सरकते आणि धावपट्टीवर (रोलर जिच्यावरून फिरतात तो गुळगुळीत भाग) रोलरांच्या अंतराने खाचा उमटतात. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. असे बेअरिंग नवे असूनही बाद ठरू शकते. म्हणून गंजरोधक तेल आणि बंद पिशवी हवीच, पण नग खोक्यात जराही हलणार नाही असा जखडणेही तितकेच आवश्यक.

खोके लाकडी असेल तर ते सहसा गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेल्या लाकडाचे लागते. त्यावर तसा शिक्का नसेल तर माल बंदरातच अडू शकतो.