नायकाच्या चौकटीबाहेरचा नट

नटाची उंची रुबाबदार नायकाच्या भूमिकांवरून मोजण्याची आपली सवय दिलीप प्रभावळकरांच्या कारकिर्दीपुढे टिकत नाही. मुंबई दूरदर्शनवरचा भाबडा चिमणराव, ‘चौकट राजा’तला (१९९१) गतिमंद नंदू, ‘झपाटलेला’तला (१९९३) क्रूरकर्मा तात्या विंचू, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले मिश्कील आबा आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तले (२००६) गांधीजी ही माणसे एकाच नटाने उभी केली, हे पटायला वेळ लागतो.

यात रंगभूषेचाच वाटा मोठा, असे कोणी म्हणेल. गांधीजींच्या बाबतीत तिची मदत झाली, हे खरेच. पण नंदूचे अडखळते बोलणे किंवा आबांच्या नजरेतला खट्याळपणा कोणत्याही डबीतून येत नाही. त्यामागे माणसांचे बारीक निरीक्षण आणि आवाजावरची हुकमत असते. अशा नटाचा चेहरा भूमिकेमागे हरवतो, हा दुसरा आक्षेप. मात्र हे हरवणे हेच त्याचे यश. नायकाची लोकप्रियता बहुधा तारुण्याशी बांधलेली असते. चरित्र अभिनेत्याला वय नवी दारे उघडून देते. साठी ओलांडल्यावर साकारलेल्या भूमिकांसाठी प्रभावळकरांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणून श्रेयनामावलीत खाली येणारी नावेही आपण आवर्जून वाचायला हवीत.