बत्तीस बोअरची हमी

आपल्या देशात परवानाधारक नागरिकास पिस्तूल निवडण्याचे स्वातंत्र्य फार थोडे आहे. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल सैन्याचे व पोलिसांचे. कायद्याच्या भाषेत ते निषिद्ध बोअर. विलायती शस्त्रांची आयात सर्वसामान्य माणसास १९८०च्या दशकापासून बंद असल्यामुळे, आजोबांच्या काळी आलेले एखादे जुने ब्राउनिंग बाजारात निघालेच, तर त्यास कित्येक लाखांचा भाव येतो. आणि ज्यास तेवढे परवडत नाही, त्याने सरकारी कारखान्याचे ०.३२ बोअरचे ‘अशनी’ किंवा त्याच जातीचे एखादे स्वदेशी शस्त्र घ्यावे, एवढाच काय तो मार्ग उरतो. अशी पिस्तुले ज्यांच्या कमरेस असतात त्यांत पेढ्यांवरचे व रोकड नेणाऱ्या गाड्यांवरचे निवृत्त सैनिक पुष्कळ असतात. या साध्या, त्या मानाने स्वस्त शस्त्रावर विसंबावे किती, आणि ते बिघडले तर जावे कोठे, हे पाहून येण्यास संपादकांनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम मुंबईतील माहुल गाठले. कारण तेथील गावठाणात राहणारे एक निवृत्त सुभेदार चेंबुरातील एका सराफी पेढीवर पहाऱ्यास असल्याचे मला ठाऊक होते.

माहुलची हवा लोखंडास मानवत नाही. एका अंगास १९५४ व १९५५ साली उभे राहिलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने, त्यांच्या पाठोपाठ आलेले तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र, आणि दुसऱ्या अंगास मिठागरांची व तिवरांची खाडी; अशा त्या पट्ट्यात मिठाचा ओलावा आणि धुरातील गंधकाचा अंश एकत्र येतात, आणि जे खिडकीच्या गजांस व सायकलीच्या साखळीस होते तेच कपाटातील पोलादासही होते. सुभेदारांनी आपले पिस्तूल चामड्याच्या म्यानात कधीच ठेवले नाही, कारण चामडे ओल धरते आणि काडतुसाच्या पितळेवर हिरवा कळंक चढवते. तेलाचा हात फिरवून ते सुती कापडात गुंडाळलेले असते, आणि पावसाळ्यात हे कापड दर आठवड्यास बदलले जाते. “साहेब, पलटणीत हत्याराची तपासणी व्हायची. इथे तपासणारा मीच, आणि चुकलो तर भोगणाराही मीच,” असे ते म्हणाले.

सरकारी शस्त्रनिर्मितीचा अधिकृत इतिहास मी वाचला. तो दीर्घ आणि अभिमानास्पद आहे. काशीपूरचा कारखाना १८०१ सालचा, आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यास आले आणि शस्त्रांच्या कंपनीचे कानपुरास गेले. यापलीकडे त्या इतिहासात रमण्याचे मला कारण दिसले नाही.

ज्याने मला खरोखर खिळवून ठेवले तो माणूस फोर्टातील एका परवानाधारक दुकानाच्या मागील खोलीत बसतो. तेथे सगळे त्यांस मिस्त्री म्हणतात. ०.३२चे पिस्तूल अडकते कसे, हे मी विचारताच त्यांनी दोन निकामी, दारू नसलेली काडतुसे टेबलावरच्या फडक्यावर आडवी ठेवली. जॉन ब्राउनिंगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जममधील कारखान्यासाठी हे काडतूस योजले, तेव्हा त्याच्या बुडाशी एक अर्धवट कडा ठेवली. ती काडतुसाच्या अंगापेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने रुंद असते. या कडेच्या आधाराने काडतूस नळीच्या मागल्या तोंडाशी बरोबर जागेवर थांबते. पण मॅगझिनमध्ये एकावर एक काडतुसे बसली असता वरच्याची कडा जर खालच्याच्या कडेमागे उतरली, तर स्लाइड त्यास पुढे ढकलू शकत नाही, कारण खालची कडा त्याची वाट अडवते. मिस्त्रींनी नखाने वरचे काडतूस किंचित मागे सारले, आणि मला ते अडकणे डोळ्यांनी दिसले. मग त्यांनी तेच पुढे घेतले आणि ते सहज सरकले.

“भरताना वरच्याची कडा खालच्याच्या पुढे, हे ज्याला कळलं त्याचं पिस्तूल निम्मं सुधारलं,” ते म्हणाले. उरलेले निम्मे मॅगझिनच्या ओठांचे आणि स्प्रिंगचे. गोळीचे टोक आखूड असले की काडतूस मॅगझिनमध्ये मागेपुढे हलण्यास जागा मिळते आणि धक्क्यासरशी कडा निसटते. ओठ केसभर पसरले की काडतुसाचे नाक नको तितके वर येते. स्प्रिंग थकली की काडतूस वेळेवर वर येत नाही. ज्यास आपण पिस्तुलाचा दोष म्हणतो तो बहुधा या पत्र्याच्या डबीत असतो, हे त्यांचे मत मला पटले. आणि ती डबी निरखताना मिस्त्रींच्या हातांविषयी जो आदर वाटला तो शब्दांत पुरा उतरणार नाही.

परंतु येथूनच खऱ्या अडचणी सुरू होतात. कारखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक शस्त्रावर जादा दाबाचे काडतूस उडवून छाप मारला जातो. तो छाप नळी फुटणार नाही याची ग्वाही देतो, पिस्तूल अडकणार नाही याची नव्हे. दुसरी ग्वाही शेकडो गोळ्या झाडल्याशिवाय मिळत नाही. सुभेदारांस परवान्यावर मोजकी काडतुसे मिळतात, प्रत्येकाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि सरावाची जागा हाताशी नाही. हे निर्बंध असावेत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. शस्त्र सुलभ झालेल्या देशांची अवस्था आपण पाहतोच. मात्र या निर्बंधांचा परिणाम असा होतो की दोष हमीच्या मुदतीत उघडकीस येतच नाही. आणि येतो तो एखाद्या अशा क्षणी, जेव्हा हमीपत्राचा काही उपयोग नसतो.

मुदतीत दोष आढळलाच, तर ‘अशनी’चा कारखाना बंगालमध्ये आणि सुभेदारांचा परवाना महाराष्ट्रापुरता. परवान्याच्या हद्दीबाहेर पिस्तूल नेणे हा गुन्हा. म्हणून प्रथम पोलीस आयुक्तांच्या दप्तरी अर्ज, मग रीतसर मंजुरी, मग विक्रेत्यामार्फत रवानगी, पोच, परतीची नोंद, आणि तेवढ्या काळात पेढीवरची नोकरी शस्त्रावाचून. हा खटाटोप टाळण्यासाठी माणूस स्थानिक कारागिराकडे जातो. पण त्यासही दुरुस्तीचा परवाना लागतो, मूळ सुटे भाग त्याच्या हाती सहज पडत नाहीत, आणि त्याने पिस्तूल खोलले की हमीचा प्रश्न निराळाच उपस्थित होतो. त्यात निवडणूक जाहीर झाली की पुष्कळांस शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. तेथील पावतीवर क्रमांक असतो, पण तेलाचा हात कोणी फिरवावा याविषयी त्या पावतीत काही लिहिलेले नसते.

मिस्त्रींची मागणी लहान आहे आणि ती मला सर्वथा रास्त वाटते. खडकीस दारूगोळ्याची शासकीय यंत्रणा दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे. तेथे, अथवा मुंबईत पोलिसांच्या देखरेखीखाली, शस्त्रांच्या कंपनीने एक दुरुस्तीचे टेबल मांडावे, मॅगझिने, स्प्रिंगा आणि फायरिंग पिना ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा प्रत्येक परवानाधारकाचे शस्त्र त्याच्यासमक्ष तपासून, त्याच्याच काडतुसांनी चालवून, तसा शेरा परवान्यावर मारावा. गाडीची तपासणी आपण सक्तीची केली आहे. सुभेदारांच्या परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. त्या अवधीत त्यांचा पत्ता, वर्तणूक व वैद्यकीय दाखला सरकार तपासते, पिस्तुलाचा क्रमांकही ताडून पाहते, परंतु ते पिस्तूल चालते की नाही हे कोणत्याही रकान्यात विचारलेले नाही.